एच-इंडेक्स ४: तुझ्या पत्राला उत्तर

प्रिय बेटा,

परवा रात्री तू गुगल स्कॉलरच्या पानाचा फोटो पाठवलास आणि खाली एकच ओळ लिहिलीस, 'मॅडम, माझा एच-इंडेक्स ४, माझ्या मैत्रिणीचा ११.' मी फोन करणारच होते. पण सकाळी घाटी रुग्णालयातून परत आल्यावर तुझा दुसरा मेसेज वाचला. सीनियरने पेपरचे तीन तुकडे करायला सांगितलंय, आणि पैसे भरले की महिन्याभरात छापून देणारं एक जर्नलही सुचवलंय. म्हणून फोन बाजूला ठेवला आणि लिहायला बसले.

आधी हा ४ कुठून येतो ते बघू. हे माप होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलं. सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात तुझ्या पेपरचा दिलेला दाखला; आणि ज्या आकड्याइतक्या पेपरांना किमान तेवढी सायटेशन आहेत, तो सर्वात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. तुझे पाच पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लाव: ३१, १२, ७, ५, २. चौथ्या पेपरला चार किंवा जास्त सायटेशन आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून उत्तर ४. पहिल्या पेपरला ३१ च्या जागी ३,१०० असते तरी उत्तर ४च आलं असतं. तुझी मैत्रीण कॅन्सर इम्युनॉलॉजीच्या मोठ्या गटात आहे. तिथे एकेका पेपरवर वीस-वीस नावं असतात आणि त्या विषयावर रोज कोणी ना कोणी लिहीत असतं. तू टीबीवर काम करतेस, तेही धारूर-केजकडच्या ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबांच्या रक्तावर. टीबीचा जंतू एकदा दुभंगायला जवळजवळ एक दिवस घेतो. जंतू वाढवायच्या एल.जे. माध्यमावर त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. ज्या विषयाचा जीवच इतका संथ, त्यातले पेपर लवकर उद्धृत होत नाहीत.

जर्नलला मिळणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टर या आकड्याचंही तसंच. युजीन गारफिल्ड आणि त्याच्या सहकाऱ्याने तो काढला तो स्वतःच्या सायटेशन-सूचीत कोणती जर्नल घ्यायची हे ठरवायला. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. जर्नलचा आकडा माणसाच्या गळ्यात बांधायची रीत नंतर पडली. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली बीसीजी लसीची चाचणी सुरू झाली, दोन लाखांहून जास्त लोकांवर. प्रौढांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून लस संरक्षण देत नाही, हा तिचा न आवडणारा निष्कर्ष. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ साली आपल्याच 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला. बीसीजीवर लिहिणाऱ्या कोणालाही आजही त्या चाचणीला वळसा घालून जाता येत नाही. दोन वर्षांच्या फूटपट्टीत हे काम कुठे बसवणार?

आता मला जे खरं सांगायचंय ते. मोंढ्यावर पोत्यांची थप्पी लांबूनही दिसते. पण आडत्या पोत्यात हात घालतो, मूठभर तूर तळहातावर पसरतो, एखादा दाणा दाताखाली फोडून ओल बघतो आणि मगच भाव बोलतो. तुझ्या ३१ सायटेशनच्या पोत्यात तू हात घातलास का? काल रात्री मी घातला. बहुतेकांनी तुझा पेपर प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात, 'भारतात टीबी मोठा प्रश्न आहे' या वाक्यामागे इतर सहा पेपरांच्या रांगेत उभा केलाय. त्यांनी तो न वाचताही ते वाक्य लिहिता आलं असतं. मग मी तुझा पाच सायटेशनवाला पेपर उघडला, गावातून रक्त आणताना होणाऱ्या उशिराचा. क्वांटिफेरॉन या टीबीच्या रक्तचाचणीसाठी रक्त काढल्यापासून १६ तासांच्या आत ते इन्क्युबेशनला, म्हणजे उबेत ठेवायला, गेलं पाहिजे हे पुस्तकात सगळेच वाचतात. तू एसटीच्या वेळा लिहून, कूलबॉक्समधलं तापमान नोंदवून, उशीर झाला की या चाचणीत मोजतात त्या इंटरफेरॉन-गॅमाचं काय होतं ते दाखवलंस. त्या पाचातल्या एका गटाने पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहिलंय की तुझा पेपर वाचून त्यांनी नमुने गोळा करायची वेळ बदलली. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तुझ्या व्हायवात मी तेच वाचून दाखवणार आहे.

उलटं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेव. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, बारा मुलांवरचा वेकफील्डचा पेपर १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०१० साली मागे घेतला गेला. त्याला भरमसाठ सायटेशन आहेत, त्यातली पुष्कळशी तो कसा चुकला हे सांगणारी. मोजणाऱ्या यंत्राला शिव्या आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक पेपर छापला. रुग्णांच्या सीरममध्ये एक सायटोकाइन (पेशींमधला निरोप नेणारं प्रथिन) निरोगी लोकांपेक्षा जास्त, असा निष्कर्ष. ते मोजायच्या ९६ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, एलायझा प्लेटमध्ये मी रुग्णांचे नमुने पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन रांगांत घातले होते, आणि कंट्रोल, म्हणजे निरोगी लोकांचे, मधल्या रांगांत. मोजायला सोपं जावं म्हणून. मे महिना, लाईट गेलेली, खोली तापलेली. प्लेटच्या चारही कडांचे ३६ वेल आधी सुकतात, त्यात रंग गडद येतो. रंग आणणारं टीएमबी घातल्यावर कडेचे वेल आधी निळे झाले, ॲसिडने थांबवल्यावर ठसठशीत पिवळे. मला ते रुग्णांचं रक्त बोलतंय असं वाटलं. दोन वर्षांनी माझ्या विद्यार्थिनीने नमुने उलटसुलट पसरून तोच प्रयोग केला आणि फरक नाहीसा झाला. त्या दिवशी प्लेट हातात धरून मी किती वेळ खिडकीशी उभी होते, आठवत नाही. आम्ही संपादकाला पत्र लिहून पेपर मागे घेतला. तोवर त्याला नऊ सायटेशन झाली होती. मागे घेतल्यानंतरही आली. ती सगळी आजही माझ्या एच-इंडेक्समध्ये धरलेली आहेत.

म्हणून तीन तुकड्यांचं उत्तर नाही, असंच आहे. तुझ्या अभ्यासातल्या त्या २१२ लोकांचं रक्त एकदाच काढलंय. वय एका पेपरात, पोषण दुसऱ्यात आणि इंटरफेरॉन तिसऱ्यात घातलंस, तर ऊसतोडीच्या हंगामात वजन घटलेल्या बाईचा टेस्टचा निकाल का बदलतो, हे कोणालाच कळणार नाही. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच त्याला अर्थ. आणि घाई कशाची? प्रबंध जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत निघाली. तुझ्या विभागाचा काही वेगळा आग्रह असेल तर मी बोलते त्यांच्याशी.

तुला शंभूनाथ डे माहीत हवेत. कोलकात्याचा हा माणूस. सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात कॉलराचे जंतू वाढवलेलं, पण गाळून जंतूविरहित केलेलं द्रव सोडलं, आतडं पाण्याने फुगलं, आणि कॉलरा जंतूच्या विषामुळे होतो हे १९५९ साली 'नेचर'मध्ये सिद्ध झालं. सुरुवातीला फारसं कोणी विचारलं नाही. पुढे सायटेशन वाढत गेली. १९८५ ला डे गेले आणि १९८६ मध्ये सायटेशन-सूचीवाल्या त्याच गारफिल्डने त्यांच्यावर लेख लिहिला. आज त्याच विषाचा बिनविषारी भाग कॉलराच्या तोंडावाटे घ्यायच्या एका लसीत वापरतात.

एक व्यवहाराची गोष्ट, ती मात्र आजच कर. तुझे दोन पेपर तुझ्या पानावर दिसतच नाहीत. एकात नाव आद्याक्षरांनी, दुसऱ्यात वडिलांच्या नावासकट, आणि शहराचं नाव एकात औरंगाबाद, दुसऱ्यात छत्रपती संभाजीनगर. उद्या लग्नानंतर आडनाव बदललंस तर आणखी फाटाफूट. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक काढ, फुकट आहे, आणि इथून पुढे प्रत्येक पेपरवर तोच टाक. स्वतःचं काम स्वतःच्या नावावर असणं हा लोभ नव्हे.

मसुदा मी वाचलाय. दुसऱ्या आकृतीत नुसते खांब आहेत. प्रत्येक माणसाचा ठिपका दाखव, कंट्रोलचेही. आणि कोणता नमुना प्लेटच्या कोणत्या वेलमध्ये होता ते तक्ते सगळेच्या सगळे आण, कडेच्या वेलांत काय भरलं होतं ते मला बघायचंय. शनिवारी दुपारी ये, जेवायलाच ये.

तुझी,
मॅडम