बिंदगी तिच्या हातात राहू दे

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोलले असते, पण तू शाळेत होतास तसाच आहेस, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून पत्र.

तू म्हणालास, "बाई, पोरगी घरात पोपटासारखी बोलती, चारचौघांत तोंड उघडत नाही. सव्वीस जानेवारीच्या भाषणाला नाव दिलं तर रडली. लातूरला व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास आहे म्हणतात, लावू का?" क्लासचं नंतर बघू. आधी येळवसचं, आपल्या वेळ अमावस्येला रानात होणाऱ्या सणाचं, सांगते. त्या दिवशी मी तुमच्या रानात होते.

गाडीतून उतरल्यावर आंबिलीची बिंदगी, ती लहानशी घागर, तिनं हट्टानं मागून घेतली. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, हरभऱ्याच्या कडेनं, ढेकळं बघत बघत चालली होती. पूजेची कोप, कडब्याची खोपटी, पंधरा-वीस पावलांवर राहिली असेल, तेवढ्यात पाय लचकला आणि ओंजळभर आंबील फ्रॉकवर सांडली. तू धावत गेलास, बिंदगी काढून घेतलीस आणि म्हणालास, "राहू दे, तुला नाही जमायचं." रागावला नव्हतास, मायेनंच बोललास. पुढं पूजा झाली, पांडवांना नैवेद्य झाला, पोरं झोका खेळली. ती मात्र पंगत उठेपर्यंत आईचा पदर धरून बसली. पालेभाज्या-शेंगांची भज्जीसुद्धा मागितली नाही.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं होतं, की 'मला जमतं' हा भरवसा सगळ्यांत पक्का बसतो तो स्वतः काम तडीस नेल्यावर. दुसऱ्यानं दिलेला धीर त्याच्या खालचा. तू रोज तिला "वाघीण आहे माझी" म्हणतोस, म्हण, काही बिघडत नाही. पण ती पंधरा पावलं तिची तिला चालू दिली असतीस, तर ते तिला जास्त पुरलं असतं.

तुला बोल लावत नाही, मीही हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीला चौथीत एक मुलगा वाचताना अडखळायचा. त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मी तो म्हणून टाकायचे. मला वाटायचं, मदत करते आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वाचायला उभाच राहिना. पुढं कधीतरी मेरी बड रो या अमेरिकन बाईंचं काम वाचण्यात आलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं मोठी उत्तरं देतात, मागं पडलेलीही बोलायला लागतात. मग मी मनात मोजायला लागले: एक घागर, दोन घागरी, तीन घागरी. त्या मुलाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, तो तोवर शाळेतून गेला होता.

आता तुझं घर बघ. पाहुणा विचारतो, "नाव काय गं तुझं?" दुसरी घागर भरायच्या आत तूच सांगून मोकळा होतोस, वर "लाजते हो आमची" हेही जोडतोस. रोज कानावर पडलं की लेकरू तेच स्वतःचं नाव समजतं. पाहुण्याला थांबू दे की जरा, त्याला काय घाई आहे! तिनं नाहीच सांगितलं तर चहा पुढं कर, विषय संपला.

दुसरं तुझ्या रागाचं. मोंढ्यातून सोयाबीनचा भाव ऐकून आलास, की त्या संध्याकाळी तिची वही उघडू नकोस. हातपाय धू, जेव, वही सकाळी बघ. पाढा चुकला म्हणून ओरडलास तर तिच्या लक्षात ओरडणं राहतं, पाढा राहत नाही. शांत राहणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. आठला मोबाईल ठेवायचा ठरलं तर आठला ठेवायचा. एकदा सांगायचं आणि हात पुढं करायचा. आवाज कशाला चढवायचा?

आणि क्लास नको. निदान यंदा नको. ट्यूशन एरियातल्या बोर्डांवरचे फोटो बघून तुझ्या पोटात गोळा येतो, हे मला कळतं. पण पोरगी तिसरीत आहे. तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर साखर आणायला पाठव, सुटे पैसे तिलाच मोजून घेऊ दे. दोन रुपये कमी आणले तर आणू दे. भाषणाचं म्हणशील तर यंदा नुसतं रांगेत उभं राहून झेंडावंदन पुरे. पुढच्या वर्षी नाव द्यायचं का, ते तिला विचार. आणि विचारल्यावर घागरी मोज.

तुमचा भज्जीचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रविवारी तिलाच पाठव न्यायला. तू गल्लीच्या तोंडाशी थांब, दारापर्यंत येऊ नकोस.

तुझ्या बाई