जुनी झूम विकून नवी प्राइम घ्यावी का?

प्रश्न: माझ्याकडे २८-७० एफ/२.८ ही वीसेक वर्षं जुनी झूम लेन्स आहे, कॅमेरा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा). सुट्टीच्या दिवशी समारंभांची कामं घेतो. झूम विकून, कमी पडतील तेवढे पैसे हप्त्याने भरून ८५ मिमी एफ/१.८ ही नवी प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) घेऊ का?

उत्तर: झूम विकू नका, आणि हप्ता तर नकोच.

तुमच्या झूमची किंमत जेवढी पडायची तेवढी पडून गेली आहे. विकून हाती फारसं येणार नाही, काम मात्र अडेल. तीन मीटर रुंदीचा ग्रुप २८ मिमीला साधारण सव्वादोन मीटरवरून मावतो. ८५ मिमीला सात मीटर मागे जावं लागतं. तेवढी खोली कुठे असते? शिवाय ८५ मिमीला एफ/१.८ वर, दोन मीटरवरून, फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम ६ सेंमीचा. दोन रांगा उभ्या असल्या की ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, लहान करावंच लागतं, म्हणजे ज्या उजेडासाठी पैसे मोजले तोच वापरता येत नाही.

प्राइमचा फायदा खरा आहे, पण विशिष्ट जागी. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ/२.८ ऐवजी एफ/१.८ म्हणजे सुमारे २.४ पट प्रकाश: त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) शटर १/६० सेकंदावरून जवळपास १/१६० वर जातं. अंधाऱ्या हॉलमध्ये हलत्या चेहऱ्याला हा फरक निर्णायक ठरतो.

तुम्हाला तो किती वेळा लागतो, हे अंदाजाने ठरवू नका. लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी फिल्टरच्या मेटाडेटात (फोटोसोबत साठलेल्या माहितीत) फोकल लेंथ (लेन्सचे मिमी), ॲपर्चर आणि आयएसओ हे रकाने लावा आणि वर्षभरात ग्राहकाला दिलेले फोटोच मोजा. काढलेले सगळे नकोत. निम्म्याच्या आसपास ७० मिमी, एफ/२.८ आणि चढ्या आयएसओवर अडकलेले दिसले, तर प्राइमची गरज आहे. तसे तुरळक असतील, तर ही हौस आहे. हौसेला हरकत नाही, फक्त ती धंद्याच्या खर्चात धरू नका.

गरज निघाली तर हिशोब असा. प्राइमची किंमत १०० धरा. तीन वर्षांनी ती ६० ला विकली गेली असं मानू. मग खर्च ४०. एका दिवसाचं भाडं ३ पडत असेल, तर तीन वर्षांत चौदा दिवसांच्या आत काम असल्यास भाड्याने आणणं स्वस्त. हप्त्यावरचं व्याज त्या ४० मध्ये भर घालतं, आणि कामं मंदावली तरी हप्ता थांबत नाही. आकस्मिक निधीलाही हात लावू नका.

झूमची तब्येत मात्र आधी बघा. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे हेझ. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढलं असेल तर ती चिकटतात आणि एक्स्पोजर चुकतं. सपाट भिंतीचा समोरून एफ/२.८ ला फोटो घ्या. एकच कोपरा धूसर आला तर आतलं एखादं भिंग सरकलंय. इतक्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळतीलच असं नाही, त्यामुळे ऑटोफोकसची मोटर गेली तर दुरुस्तीच अडते. म्हणून दर कामाच्या मिळकतीतून थोडी रक्कम बाजूला टाका, आणि तो पैसा आधी दुसऱ्या झूमसाठी राखा. प्राइमचा नंबर त्यानंतर.