रोबो गुडघे वाकवून का चालतात?

प्रश्न : माझा सातवीतला मुलगा दोन पायांच्या रोबोंचे व्हिडिओ सारखा बघत असतो. परवा त्याने विचारलं, आई, हे नाचतात, उड्या मारतात, मग साधं चालताना अर्धवट बसल्यासारखे का चालतात? मला काही सांगता आलं नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने नेमकी जागा पकडलीय, त्याला शाबासकी द्या. आता दोघांनी एक करून बघा, गुडघे थोडे वाकवायचे आणि तसेच ठेवून, जराही सरळ न करता स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत यायचं. दोन-तीन फेऱ्यांत मांड्या भरून येतील. होंडा कंपनीचा असिमो नावाचा रोबो, जो २००० साली आला, तो कायम असाच चालायचा आणि काही अंशी त्यामुळेच माणसाला चालायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या किमान दहा पट, वजनाच्या हिशोबात, तो खायचा.

मग असं का करायचं? कारण पडायची भीती. आपण चालतो म्हणजे खरं तर दर पावलाला पुढे पडत असतो आणि दुसरा पाय वेळेत पुढे येऊन आपल्याला सावरतो, टेकलेला पाय काठीसारखा सरळ असतो आणि अख्खं शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकासारखं पलीकडे जातं, स्नायूंना फार काही करावं लागत नाही. असिमोचा हिशोब वेगळा होता. त्याच्या तळपायावर सगळा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, त्याला झेडएमपी म्हणतात, तो तळपायाच्या कडेच्या आत राहिला पाहिजे म्हणजे पाऊल कलंडत नाही. ही कल्पना बेलग्रेडच्या वुकोब्रातोविच या शास्त्रज्ञांची, १९६० च्या दशकाच्या शेवटची. आता हे सांभाळायचं तर कंबर सतत बारीक बारीक वरखाली, मागेपुढे करता आली पाहिजे, आणि गुडघा एकदा पूर्ण सरळ झाला की पाय आणखी लांब होणारच नाही, तिथे कॉम्प्युटरचं गणितही अडकतं. म्हणून गुडघा वाकलेलाच ठेवायचा. सुरक्षित, पण महाग.

मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते टॅड मॅकगीर यांचं काम. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी १९९० च्या सुमारास नुसते पाय बनवले, मोटर नाही, बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही. हलक्या उतारावर ठेवून सोडले की ते आपोआप एकेक पाऊल टाकत खाली जायचे, आणि गुडघेवाले पाय तर इतके माणसासारखे चालायचे की बघतच राहावं. म्हणजे चालण्याचा बराचसा भाग मेंदूत नाही, तर पायाच्या लांबीत, वजनात आणि झोक्यात आहे! हाच धागा धरून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने रेंजर नावाचा रोबो बनवला, तो २०११ मध्ये एका चार्जिंगवर ६५ किलोमीटर चालला, जवळजवळ ३१ तास, आणि वीज किती लागली तर साधारण अर्धा युनिट. अर्थात त्याला गुडघेच नव्हते आणि बाजूला कलंडू नये म्हणून पाय जोडीजोडीने लावलेले होते, जिने चढणं वगैरे त्याच्या कामाचं नव्हतंच.

आता रोबोला आधी कॉम्प्युटरच्या आत हजारो वेळा पाडून पाडून चालायला शिकवतात, त्यामुळे काही नवे रोबो गुडघा सरळ करून, टाच आधी टेकवून चालायला लागलेत. मुलाला सांगा, पुढचा व्हिडिओ लावशील तेव्हा टाचेकडे बघ, टाच आधी टेकते की अख्खा तळपाय एकदम पडतो.

आणि घरात कुणी नुकतंच चालायला लागलेलं असेल तर त्याच्याकडेही बघा. माझी भाची पांगुळगाडा सोडून पहिल्यांदा चालली तेव्हा गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, तळवा सपाट थपकन पडायचा, अगदी त्या असिमोसारखा. टाच आधी टेकायला तिला पुढे बरेच महिने लागले.