ट्रम्पला हुशार माणसं हवीत की नकोत? पुण्यातल्या एका इंजिनिअरला उत्तर

तू विचारलंयस, "काका, चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी झालीय, आता अमेरिकेला यायचं म्हणतोय. एक मित्र सांगतो ट्रम्पला हुशार माणसं हवीच आहेत, दुसरा सांगतो दार बंद झालं. खरं कोणाचं?"

दोघांचंही. ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षातल्याच दोन गटांचं बोलणं ते तुझ्यापर्यंत पोचवतायत, एवढंच. इथले कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे एक घर असं समजून निर्णय घेऊ नकोस. त्या घरात इमिग्रेशनवरून चाळीस वर्षं भांडण चालू आहे.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. माझे दोन्ही शेजारी ट्रम्पना मत देतात. एकाचा घरांची छपरं बसवायचा धंदा आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून तो रोज सरकारच्या नावानं बोटं मोडतो. दुसरा आयटीतून बाहेर पडलेला. कंपनीनं काढायच्या आधी, त्याच्या जागी बंगलोरहून आलेल्या मुलाला काम शिकवायचं कामही त्याच्याकडूनच करून घेतलं. तसं केलं नसतं तर जाताना मिळणारे पैसे गेले असते. हे तो मला कुंपणावरून सांगतो, हातात त्याच्या झाडाचे पीच देतो आणि वर म्हणतो, "तुझ्याबद्दल नाही हं." माझ्याबद्दल नसतं हे मला पटतं. पण मत देताना तो माझा विचार करत नाही, हेही तितकंच खरं.

हे दोन शेजारी म्हणजे पक्षाचे दोन गट. पहिला जुना, उद्योगांच्या बाजूचा. वॉल स्ट्रीट जर्नलनं १९८४ मध्ये अग्रलेखात सरळ खुल्या सीमांची घटनादुरुस्ती मागितली होती. रेगनच्या १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर केलं आणि आजचा एच-वन-बी, म्हणजे कंपनीनं परदेशी तज्ज्ञाला कामावर आणायचा व्हिसा, थोरल्या बुशच्या १९९० च्या कायद्यातून आला. दुसरा गट बाहेरची माणसं नकोत म्हणणारा. त्यातला पॅट ब्युकॅनन १९९२ मध्ये त्याच बुशविरुद्ध 'अमेरिका फर्स्ट' म्हणत उभा राहिला आणि हरला. पुढे २००७ मध्ये धाकट्या बुशचं इमिग्रेशन विधेयक बुडालं, त्यात मोठा हात त्याच्याच पक्षाच्या सिनेटरांचा होता.

आपल्यावर हे भांडण थेट येऊन आदळलं ते २०२४ च्या नाताळात. चेन्नईत वाढलेल्या श्रीराम कृष्णन यांची ट्रम्पनी एआयसाठी सल्लागार म्हणून निवड केली आणि ट्रम्पची कट्टर समर्थक लॉरा लूमरनं रान उठवलं. मस्क आणि विवेक रामस्वामी एच-वन-बीच्या बाजूनं उतरले. रामस्वामींनी तर अमेरिकन संस्कृती गणित ऑलिंपियाड जिंकणाऱ्यापेक्षा प्रॉम क्वीनला (शाळेच्या नाचाच्या समारंभात निवडलेल्या राणीला) डोक्यावर घेते, असं लिहून टाकलं. मुद्दा काय होता हे बाजूला राहिलं, लोकांना ती शिवीच वाटली. ट्रम्पचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन मस्कवर तुटून पडले. शेवटी ट्रम्प म्हणाले, मला हे व्हिसा कायमच आवडत आलेत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आणि मग १९ सप्टेंबर २०२५ ला त्याच ट्रम्पनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकला. वाणिज्यमंत्र्यांनी आधी दरवर्षी म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसनं एकदाच म्हणून खुलासा केला. मधल्या काही तासांत सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानानं परत पळत होते. नोव्हेंबरमध्ये पुन्हा उलटं. फॉक्स न्यूजवर मुलाखत घेताना लॉरा इंग्रॅम म्हणाली, इथे गुणी माणसं भरपूर आहेत की. ट्रम्प म्हणाले, नाही, नाहीत. त्यानंतर काही दिवसांतच ट्रम्पच्याच पक्षाच्या तेव्हाच्या खासदार मार्जरी टेलर ग्रीननं एच-वन-बी संपवण्याचं विधेयक जाहीर केलं.

ट्रम्पना नक्की काय वाटतं याचा शोध घेण्यात वेळ घालवू नकोस. दोन्ही गटांना चालेल अशी तडजोड कुठे निघते ते बघ, तुझं गणित तिथे आहे. एच-वन-बी लॉटरीनं मिळतो. त्याच्या वर्षाच्या जागा ६५,००० अधिक अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,०००, त्यात बदल नाही. पण २०२६ पासून निवड पगाराच्या पातळीप्रमाणे (पहिली सर्वात कमी पगाराची, चौथी सर्वात जास्त): चौथ्या पातळीच्या अर्जाला चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक. मस्कच्या गटाला महागडी माणसं मिळतात, बॅननच्या गटाला स्वस्त मजूर अडवल्याचं समाधान मिळतं. मधल्यामधे मार खातो तो नवखा. तू अगदी नवखा नाहीस, पण वरच्या पातळीतही नाहीस.

एक लाखाचं कलम मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्याला लागतं. इथे विद्यार्थी असताना एच-वन-बीत बदलणाऱ्याला ते लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. म्हणून सगळे सांगतात, एमएस कर. जपून. एमएसनंतर स्टेमवाल्यांना तीन वर्षं काम करू देणारी ओपीटी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, ती नियमांवर उभी आहे आणि दुसऱ्या गटाचा डोळा नेमका तिच्यावर आहे. घर गहाण टाकून पन्नास-साठ लाखांचं कर्ज काढणार असशील तर मी नको म्हणेन. प्राध्यापकी डोक्यात असेल तर राज्यही बघ: जानेवारी २०२६ मध्ये आमच्या टेक्ससच्या गव्हर्नर ॲबट यांनी सरकारी विद्यापीठांत नवे एच-वन-बी अर्ज थांबवले. फ्लोरिडात गव्हर्नर डिसँटिसनी तोच सूर लावला होता.

ग्रीन कार्डाबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून आपली रांग दहा वर्षांहून लांब. ही मर्यादा काढायला सर्वात जास्त धडपडला तो युटाचा रिपब्लिकन माइक ली. त्याचं विधेयक हाउसमध्ये २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये रिपब्लिकन रँड पॉलनं अडवलं, मग डेमोक्रॅट डर्बिननं. २०२० च्या डिसेंबरात सिनेटनं वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही, विषय संपला. 'डेमोक्रॅट आले की सुटेल' म्हणणाऱ्याला हे ऐकव.

लग्न ठरलंय असं लिहिलंयस. व्हिसावरच्या आईबापांच्या इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाकारणारा आदेश २० जानेवारी २०२५ चा. तो सर्वात आधी रोखणारा सिएटलचा न्यायाधीश रेगननं नेमलेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय, त्यामुळे वकिलाला त्या दिवशीची स्थितीच विचार.

आता कामाचं. कुठल्या कन्सल्टन्सीनं 'एक लाखातले निम्मे तू भर' म्हटलं तर फोन ठेवून दे, तो भार कंपनीचाच. ऑफर हातात आली की पद, गाव आणि पगाराची पातळी लेखी माग. तुझ्या आत्ताच्या कंपनीचं इथे ऑफिस असेल तर आधी एल-वनची, म्हणजे त्याच कंपनीत बदली होऊन इथे येण्याच्या व्हिसाची, चौकशी कर. त्याला लॉटरी नाही, हा एक लाखही नाही. कंपनी बदलता येत नाही, हा त्याचा जाच आहे, पण तो सोसण्यासारखा आहे. ऑफिस आहे का आणि तुझा सध्याचा हुद्दा काय, ते कळव, मग पुढचं सांगतो.