‘फार्म सर्व्हंट’ म्हणजे शेतमजूर की सालगडी?

प्रश्न असा आहे: १८५१च्या जनगणनेतलं इंग्लंडमधल्या एका शेतीप्रधान पॅरिशचं (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं) पान मराठीत आणायचं आहे. त्यात कुणापुढे ‘अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर’ आहे, कुणापुढे ‘फार्म सर्व्हंट’. दोघांना ‘शेतमजूर’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. पहिला शेतमजूर खराच. १८४१च्या गणनेत तर ‘अ‍ॅग. लॅब.’ असं तोडून लिहायची प्रगणकांना मुभाच होती, इतके हे लोक होते. तो आपल्या बिऱ्हाडात राही, रोजावर नाहीतर आठवड्यावर पैसे घेई आणि पाऊस लागला की बरेचदा घरी बसे. दुसरा वर्षाच्या बोलीनं बांधलेला, मालकाच्याच घरी जेवणारा-झोपणारा, बहुधा बिनलग्नाचा पोरगा. त्याला आपल्याकडे शब्द तयार आहे: सालगडी. खानदेशात सालदार.

साम्य वरवरचं नाही. आपल्याकडे गडी पाडव्याला ठरतो, खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. तिकडे सुगी आटोपली की २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणाला, उत्तरेत नोव्हेंबरातल्या मार्टिनमस सणाला भरती-जत्रा भरे. गाडीवान टोपीत चाबकाच्या दोरीचा तुकडा खोवून उभा राही, मेंढपाळ लोकरीचा झुपका. बोली पक्की झाली की शेतकरी हातावर एक नाणं ठेवी. त्या नाण्याला ‘आगाऊ रक्कम’ म्हणू नका, ‘विसार’ म्हणा; घेतला की माणूस बांधला गेला. फरक एवढाच की आपला सालगडी उचल घेऊन कामाला लागतो, तिकडे मजुरी साल भरल्यावर मिळे. मधेच निघून गेलं तर तिला मुकावं लागे.

‘साल’ शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे. अविवाहित माणसानं पॅरिशमध्ये पुरं वर्ष चाकरी केली की तिथल्या गरीब-मदतीवर त्याचा हक्क लागे. तो बोजा करदात्यांवर पडू नये म्हणून कित्येक शेतकरी ५१ आठवड्यांचीच बोली करत. चाकरीवरून मिळणारा हा हक्क १८३४च्या कायद्यानं काढला. ‘नोकर’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

अडतं ते बायकांपाशी. दूधदुभतं पाहणाऱ्या मुलीही अशाच सालानं राहत आणि ‘सालगडी’ला रुळलेलं स्त्रीलिंगी रूप नाही. तिथे मी ‘सालानं राहिलेली मोलकरीण’ असं सरळ लिहीन. लांब होतं, पण ‘साल’ हातचं जात नाही.