स्लीव्ह सर्जरीनंतर वजन अडकलंय, अजून कमी खाऊ का?

तुम्ही म्हणताय स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची सर्जरी, होऊन आठ महिने झाले, दिवसाला जेमतेम 600 कॅलरी पोटात जातात तरी काटा जागचा हलत नाही, मग मेटाबॉलिझम बंद पडला का आणि खाणं अजून कमी करू का. नाही, कृपया कमी करू नका. माझीही स्लीव्ह झालीय, त्यामुळे कळकळीने सांगतेय.

मेटाबॉलिझम बंद पडत नाही, मंदावतो. शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी, शिवाय वजन झपाट्याने उतरलं की शरीर आणखी काटकसर करायला लागतं, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात, घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन जास्त करून तिथेच बनतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही आणि आपल्याला वाटतं शरीराला गरजच नाहीये. गरज असते हो! साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन रोज जायलाच हवं, तुमचा नेमका आकडा डायटिशियनकडून घ्या.

मी जेवायला बसले की आधी अंडं, मासा नाहीतर घट्ट दही संपवते, भाजी त्यानंतर आणि पोळी-भात उरलेल्या जागेत, कारण चार-पाच घासांतच छातीखाली दडपल्यासारखं होतं आणि मग एक घासही पुढे जात नाही. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. बिस्किटं, आइस्क्रीम, ज्यूस मात्र सुळकन उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून चार दिवस सगळं लिहून बघा, चहातल्या साखरेसकट.

आणि नुसतं चालून भागणार नाही, डॉक्टरांची परवानगी घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, तेही जमत नसेल तर खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. काट्यापेक्षा कंबर मोजा, कधीकधी वजन तेवढंच राहतं आणि कपडे सैल होतात.

व्हिटॅमिन बी12, व्हिटॅमिन डी, आयर्न आणि कॅल्शियमच्या टेस्ट चुकवू नका, गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, आयर्न आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. केस गळणं बहुतेक वेळा काही महिन्यांत थांबतं, पण पायांना मुंग्या येत असतील किंवा उलट्या थांबत नसतील तर आजच्या आज डॉक्टरांना गाठा, व्हिटॅमिन बी1 कमी पडलं तर नसांना आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.