आधी तो, मग मी

बाप्तिस्मा झाला, आता पुढं काय, असं विचारलंस. पुढं रोजचंच आहे बघ. वधस्तंभ उचलायचं, म्हणजे स्वतःचा ‘मी’ बाजूला ठेवून येशूमागं चालायचं, हे बायबलात मत्तय आणि मार्कही सांगतात, पण लूक 9:23 मध्ये ‘दररोज’ हा शब्द जादा आहे. माझं घोडं अडलं ते त्याच शब्दावर. रविवारी उपासनेत नम्र होणं सोपं. सोमवारी पॉवरलूमवर पाळी बदलताना कुणी काही बोललं की माझी जीभ सुटायचीच.

तेव्हा मोठं काही ठरवू नकोस. कामावर निघण्याआधी योहान 3:30 वाच, येशूची वाढ व्हावी आणि माझी घट व्हावी असं योहान म्हणतो ती ओळ, आणि त्याच्या मागच्या चार ओळीही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य तक्रार घेऊन आलेत, सगळे लोक येशूकडं चाललेत म्हणून. आणि हा गडी त्यातच आनंद मानतो! मला अजून ते पुरतं जमत नाही. मंडळीत माझ्याऐवजी दुसऱ्याला प्रार्थना करायला सांगितलं, की आजही आत टोचतं.

आणि भावाशी अबोला आहे म्हणालास ना? आधी तिकडं जा. मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पणसुद्धा त्यानंतर. मी माझ्या भावाकडं गेलो तेव्हा हातात शेंगा चटणीची पुडी होती आणि तोंडात शब्द नव्हता. वहिनीनं न बोलता भाकरी वाढली.